गवताला रंगाचे दोन हात

११ मार्च

आप्पा,

नमस्कार. तुमचं पत्र पोचलं. चार ओळींचं पत्र, आणि त्यातल्या तीन ओळी मला झोडपायला. 'जन्मभर बागेत राबलेल्या माळ्याची पोर गवताला रंग फासत फिरते, याला मेलेल्याला पावडर लावणं म्हणतात' असं तुम्ही लिहिलंत. वाचून मी आधी चहा केला, मग पुन्हा वाचलं, आणि ठरवलं की या वेळी ऐकून घ्यायचं नाही. फोनवर तुम्ही 'बरं, ठेवतो' म्हणून सुटता. तेव्हा कागदावरच भांडू.

रोपवाटिकेतली नोकरी मी सोडली ती कुणी हाकललं म्हणून नाही. कुंड्या इकडून तिकडे उचलून कंटाळले, म्हणून सोडली. आता स्वतःचा पंप आहे, स्वतःची गाडी आहे, आणि सकाळी कुठल्या दारात जायचं हे मीच ठरवते.

परवाचंच सांगते. एका वळणावरचं घर आहे. 'विकणे आहे' ही पाटी त्याच्यावर इतके महिने लटकतेय की पाटीचाच रंग उडालाय. माणसं गाडीतून येतात, काच खाली करतात, दारापुढचं गोणपाटासारखं गवत बघतात आणि न उतरताच निघून जातात. आमच्याकडे बागेला पाणी घालायला बंदी आहे हे तुम्हाला माहीत आहे. बिचारं घर आतून चांगलं आहे, पण आत पाऊल टाकेल तेव्हा ना कुणी. मी गवत कापलं, पालापाचोळा झाडून काढला, भिंतीच्या कडेला पुठ्ठे धरले आणि रंगाचे दोन हात दिले, एक आडवा आणि एक उभा. त्याच आठवड्यात लोक गाडीतून उतरून आत जायला लागले.

आणि फसवणूक म्हणाल तर ऐका. माझा एक नियम आहे. बघायला येणाऱ्याला रंग दिलाय हे सांगायचं. दलाल ते कबूल करत नसेल तर मी पंपाला हात लावत नाही. रंग भिंतीला लावला की घर नटलं म्हणता, आणि गवताला लावला की पाप कसं होतं, हे मला जरा समजावून सांगा.

तुमची हिरवळ कशी आहे? माझ्यापेक्षा तिची चौकशी केली की तुम्ही लवकर उत्तर देता, म्हणून विचारतेय.

तुमची,
झिपरी

१९ मार्च

चि. झिपरीस,

आशीर्वाद. भिंत मेलेलीच असते. गवत जिवंत असतं. एवढं समजायला माळ्याच्या पोटी जन्म घ्यायची गरज नव्हती, पण तू घेतलास आणि तरी समजलं नाही.

सरकारी बागेत मी हेडमाळी होतो तेव्हा वरच्या साहेबांनी एकदा पाहुणे येणार म्हणून वाळलेल्या पट्ट्यावर हिरवं कापड अंथरायला सांगितलं होतं. मी म्हणालो, कापड तुम्ही अंथरा, मी घरी जातो. ते कापड अंथरलं गेलं नाही. तुझ्या अंगात जो ताठा आहे तो कुठून आला हे मला चांगलं माहीत आहे, पण तो तू लावतेस कुठे?

माझी हिरवळ उत्तम आहे. सकाळी पाणी घालतो, कडा कापतो, रस्त्यावरची माणसं थांबून बघतात. समोरच्या शिंपीणबाई म्हणतात, आप्पा, तुमच्या गवतावर पाय ठेवायला भीती वाटते. मी म्हणतो, वाटायलाच पाहिजे.

तुझ्या दादाला मी काय सांगितलंय ते तुला ठाऊक आहे. त्यानं 'एकटे राहू नका, माझ्याकडे अकराव्या मजल्यावर चला' असा लकडा लावला तेव्हा मी शब्द दिला की ज्या दिवशी माझ्या दारातली हिरवळ वाळेल त्या दिवशी मुकाट्यानं त्याच्याकडे जाईन. तोपर्यंत हा विषय काढायचा नाही. तेव्हापासून त्यानं काढलेला नाही. मी दिलेला शब्द मोडत नाही, आणि माझं गवत वाळत नाही. अकराव्या मजल्यावर मी करणार काय? त्यांच्या गॅलरीत एक प्लॅस्टिकचं झाड आहे, ते सून रोज ओल्या फडक्यानं पुसते.

अक्षर वाकडं आलंय, पेन दळभद्री आहे. पत्र शिंपीणबाईंकडे टाकायला देतोय, त्यांना तिकडे जायचंच होतं.

तुझा,
आप्पा

२७ मार्च

आप्पा,

अक्षरावरून कळलं की तुम्ही किती चिडला होतात. इतकं तिरपं तुम्ही फक्त मी गणितात नापास झाले होते तेव्हा शाळेच्या बाईंना लिहिलं होतं. चिडा. मी हटणार नाही.

या आठवड्यातलं गिऱ्हाईक ऐका. एक निवृत्त नर्सबाई आहेत, एकट्या राहतात. घर विकायचं वगैरे काही नाही. पाण्याची बंदी पाळणाऱ्या त्यांच्या गल्लीत त्या एकट्याच, बाकीचे गुपचूप पाइप सोडतात. आणि तेच शेजारी त्यांच्या दारात चिठ्ठ्या टाकतात की तुमच्या वाळक्या गवतामुळे गल्लीची शोभा जाते. बाईंनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, मला या सगळ्यांपेक्षा जास्त हिरवं करून दे. मी म्हटलं, बाई, जास्त हिरवं केलं तर ओळखू येईल. त्या म्हणाल्या, यायलाच पाहिजे. मग काय, रंगात पाणी कमी घातलं आणि हात सैल सोडला. आता त्यांचं अंगण पोपटाच्या पाठीसारखं दिसतं आणि बाई दारात खुर्ची टाकून बसतात. चिठ्ठ्या बंद झाल्यात.

हे जिवंत की मेलेलं, ते तुम्ही ठरवा. मला तरी त्या बाई फार जिवंत वाटल्या.

बरं, एक बातमी. दादाचा काल फोन होता. कंपनीच्या कामाला तुमच्या बाजूला येतोय, तेवीस एप्रिलला सकाळी तुमच्याकडे पोचेल, एक दिवस राहील. 'आप्पांची हिरवळ बघायला जातोय' म्हणत होता आणि हसत होता. मी म्हटलं, बघ आणि हात हलवत परत ये.

झिपरी

१० एप्रिल

चि. झिपरीस,

आशीर्वाद. उत्तराला वेळ लागला. दोनदा लिहून फाडलं.

सरळ लिहितो. मी फेब्रुवारीच्या शेवटी न्हाणीत घसरलो. कंबर धरली. हाड मोडलं नाही, डॉक्टरांनी फोटो काढून बघितलं, पण जवळजवळ महिनाभर अंथरुणाला खिळलो होतो. शिंपीणबाई दोन वेळचा डबा आणून द्यायच्या. मागचं पत्र आडवं पडून लिहिलं होतं. पेन चांगला आहे.

तुम्हा दोघांना सांगितलं नाही. तू सगळं टाकून धावत आली असतीस, आणि तो गाडी घेऊन आला असता. गाडीत मला बसवून नेलं असतं.

आता मी बरा आहे. काठी न घेता कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन येतो. पण त्या महिन्यात ऊन कडक पडलं आणि गवताला पाणी कोण घालणार? शिंपीणबाईंना सांगायची मला लाज वाटली. डबा आणतात, वर पाइप धरा म्हणू? मी पडल्या पडल्या खिडकीतून बघत होतो. आधी कडा पिवळ्या पडल्या, मग मधला भाग. माझ्या डोळ्यांदेखत गेलं. उठून पाणी घालायला लागलो तोवर उशीर झाला होता. मुळं काही ठिकाणी धरून आहेत, पण या उन्हात ती तेवीस तारखेपर्यंत काही करणार नाहीत. मला गवत कळतं.

थोरला येईल, फाटकातच बघेल आणि एक अक्षर न बोलता माझे कपडे भरायला लागेल. त्याचं काही चुकणार नाही. शब्द मी दिला होता. तो चांगला मुलगा आहे, मला गादीवर ठेवेल. पण मी तिथे मरेन, झिपरे. हे मी कुणाला बोललो नाही, तुला लिहितोय. या घरात मी सकाळी उठतो तेव्हा मला काही तरी करायचं असतं.

तर, तुझा तो पंप घेऊन बावीसला ये. पुढचं तुला कळलं असेल. मला लिहायला लावू नकोस.

आप्पा

१३ एप्रिल

आप्पा,

तुम्ही काय केलंत हे तुमच्या लक्षात येतंय का? महिनाभर अंथरुणावर पडून राहिलात, मला कळवलं नाहीत, आणि त्याच अंथरुणावरून मला ऐकवत होतात की सकाळी पाणी घालतो, कडा कापतो. मी इथे तुमच्या अक्षरातून तुमचा राग ओळखत बसले होते. मला इतका राग आलाय की पंप धुताना एक नळी तोडली.

लगेच निघत होते. शिंपीणबाईंच्या दुकानाचा नंबर माझ्याकडे होता, त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, खरंच बरे आहेत, काल माझ्याशी दुधावरून भांडले. मग जरा शांत झाले.

बावीसला येते. पण माझं ऐका. माझ्या नियमाप्रमाणे दादाला सांगायला हवं. तो बघायला येणारा आहे, आणि बघायला येणाऱ्याला सांगायचं असतं. तुमच्यासाठी मी तो नियम मोडतेय आणि मला ते आवडत नाही. ज्या माणसानं साहेबांना कापड अंथरू दिलं नाही त्याच्या दारात मी चोरून रंग मारणार आहे. माझं मत विचाराल तर दादाला तोंडावर सांगा की मी येत नाही. तो लिफ्ट बसवणारा माणूस आहे, तुम्हाला उचलून नेणारा पैलवान नाही. पण तुम्ही विचारलेलं नाही, तेव्हा येते.

माझ्याही अटी आहेत. एक म्हणजे मी काम करेन तेव्हा तुम्ही आत जाऊन बसायचं नाही. बाहेर उभं राहून बघायचं, शेवटपर्यंत. आणि दुसरं, रंग दिल्यावर दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत पाण्याचा थेंब पडता कामा नये. एकदा वाळला की पाऊस आला तरी हलत नाही, पण ओला असताना पाणी लागलं की सगळं वाहून जातं. हे तुमच्या खोलीच्या दारावर लिहून लावा.

झिपरी

२३ एप्रिल

आप्पा,

रात्री उशिरा गाडी चालवत घरी पोचले. अंग ठणकतंय. आता सकाळचे आठ वाजलेत, दादा वाटेत असेल. दिवसभर माझं लक्ष लागणार नाही, म्हणून लिहीत बसलेय.

काल तुम्ही मला बोललात ते मी विसरणार नाही. पहिला हात दिला तेव्हा तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, आणि म्हणालात, 'माझं गवत इतकं काळपट नव्हतं.' मी पिवळा थोडा वाढवला. तुम्ही म्हणालात, अजून. मी अजून वाढवला. मग तुम्ही स्वतः वाकून पुठ्ठा धरलात, पायरीच्या कडेला, आणि मी कंबरेची आठवण करून दिली तर 'तू तुझं बघ' म्हणालात. इतक्या घरांपुढे मी एकटी पुठ्ठा सांभाळत पंप मारलाय. काल पहिल्यांदा कुणी तरी धरला.

निघताना तुम्ही फाटकापर्यंत आलात. हिरवळीकडे बघत होतात. तुम्हाला ती आवडली की किळस आली, मला कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही, आणि मला हिंमत नाही असं फार कमी वेळा होतं.

पाणी घालू नका.

झिपरी

२५ एप्रिल

चि. झिपरीस,

आशीर्वाद. तुझं पत्र आत्ता मिळालं. पाणी घालू नका हे वाचून मी इतका हसलो की शिंपीणबाई दुकानातून बाहेर आल्या.

काय झालं ते क्रमानं सांगतो. तेवीसला सकाळी उठलो. तू सांगितलंस तसं दारावर लिहून लावलं होतं, पण दार उघडल्यावर ते भिंतीकडे जातं आणि कागद मागे जातो. बाहेर आलो. समोर हिरवळ. झिपरे, मला झोपेत वाटलं की ती परत आली. इतकी बरोबर होती ती, तो पिवळा तू बरोबर पकडला होतास. आणि मी जे आयुष्यभर केलं तेच केलं. नळ सोडला, पाइप उचलला आणि मधल्या भागापासून सुरुवात केली. रस्त्यावरून दूधवाला 'आप्पा, आप्पा' करत ओरडायला लागला तेव्हा मी खाली बघितलं. हिरवं पाणी पायरीवरून, फाटकातून, रस्त्याच्या कडेनं थेट गटारापर्यंत चाललं होतं. माझे पाय घोट्यापर्यंत हिरवे. अशी चूक करायला माणूस जन्मभर माळीच असावा लागतो.

नळ बंद केला. अर्धं गवत पिवळं, अर्धं हिरवं, मधे ओघळ. आणि त्यातच तुझा दादा गाडीतून उतरला. पांढरे बूट घालून. दोन पावलं टाकली आणि ते बूटही गेले.

तो फाटकात उभा राहून सगळं बघत होता, बूट, गटार, मी. माझ्या हातात पाइप. मला सांगता आलं असतं काही तरी. नगरपालिकेनं औषध मारलं म्हणालो असतो तरी त्यानं बिचाऱ्यानं मान हलवली असती. पण मला तुझी आठवण झाली, तुझा तो नियम. म्हणून त्याला पायरीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. पडलो, महिनाभर झोपून होतो, गवत गेलं, तुला बोलावलं, तू रंगवलंस, मी धुतलं.

तो बराच वेळ बूट पुसत बसला. रुमाल हिरवा झाला. मग म्हणाला, मला कळवलं का नाही. मी म्हणालो, चुकलं. मग तो उठला आणि म्हणाला, चला, कपडे भरतो, तुम्ही शब्द दिला होतात.

मी म्हणालो, 'दिला होता. तो मी मोडतोय.'

त्याला वाटलं त्यानं नीट ऐकलं नाही. मी पुन्हा सांगितलं. म्हणालो, 'जन्मात पहिल्यांदा शब्द मोडतोय, आणि तुझ्यापाशी मोडतोय, कारण तू माझा आहेस. परक्यापाशी मोडला असता तर लाजेनं मेलो असतो. गवत वाळलं, मी वाळलो नाही. मी येणार नाही.'

मला वाटलं तो भांडेल. पण तो वळला. आत गेला. मी ऐकत होतो, कपाट उघडल्याचा आवाज येतोय का. तो न्हाणीत गेला होता. तिथे खाली बसून फरशी हातानं घासून बघत होता, किती गुळगुळीत आहे ते. संध्याकाळपर्यंत त्यानं भिंतीला धरायला दांडा बसवला आणि खाली खडबडीत चटई घातली. लिफ्टवाला माणूस, काम पक्कं करतो. जाताना म्हणाला, रोज सकाळी फोन उचलायचा. मी हो म्हणालो. हा शब्द पाळीन.

आता तुझ्याबद्दल. तू विचारलं नाहीस, पण पत्रात लिहिलंस, म्हणजे विचारलंसच. किळस आली नाही. मी तुला काम करताना बघितलं. तू कडेला हात हलका ठेवतेस, भिंतीला थेंब लागू देत नाहीस, आणि वाऱ्याकडे पाठ करून उभी राहतेस. पावडर वगैरे मी जे लिहिलं ते परत घेत नाही, कारण तेव्हा मला तसंच वाटत होतं. आता वाटत नाही.

तू पुन्हा येऊन सारखं करून देते म्हणशील. येऊ नकोस. म्हणजे ये, भेटायला ये, पंप आणू नकोस. दिवस बदलले की मुळं धरलेली आहेत तेवढी वर येतील, बाकीचं मी पुन्हा लावीन. तोपर्यंत हे असंच राहू दे, अर्धं पिवळं, अर्धं हिरवं, मधे ओघळ. गल्लीत माझी चेष्टा चाललीय. कालपासून जो तो फाटकाशी थांबतो आणि विचारतो, आप्पा, हे काय झालं तुमच्या हिरवळीला?

मी खुर्ची बाहेरच टाकलीय. प्रत्येकाला सांगतो, रंगवलं माझ्या मुलीनं, तो तिचा धंदा आहे. बिघडवलं ते मी.

तुझा,
आप्पा